धानाच्या काट्यावरची पोरगी

आमच्या गावात, नागभीडच्या अलीकडे, पोरगी तेरा-चौदाची झाली की तिने अंग धरायलाच हवं असे. आणि तिला खाताना मात्र कोणी पाहता कामा नये. हे दोन्ही एकदम कसं जमवायचं, ते कोणी सांगत नसे.

मी तर काडीपैलवान. "हडकुळीले कोन पत्करन?" असं म्हणत आई दार लावून मला माजघरात तूपभात चारायची. दार उघडलं की चारचौघांत मी म्हणायचं, "मले भूकच नाई." बाबा बाजाराच्या दिवशी मला धानाच्या काट्यावर बसवत, दुसऱ्या पारड्यात धानाचं पोतं. दर वेळी पोतंच खाली जाई. आई पोत्याकडे रागाने बघे.

अशात एक स्थळ आलं. मला सातवीची परीक्षा द्यायची होती, लग्न झालं की शाळा संपली. मी ठरवलं, पाहुण्यांसमोर बकाबका खायचं. मग कोण पसंत करतो बघू!

पाहुणे आले. जाड दिसावं म्हणून आईने मला लुगड्यावर लुगडं नेसवलं होतं. कशीबशी चालत गेले, वड्यांचं ताट ठेवलं आणि तिथेच मांडी घालून खायला लागले. वड्यांमागून कढी, तीही वाटी तोंडाला लावून. आई पांढरीफटक पडली. बाबा छताची कौलं न्याहाळू लागले.

मुलाच्या आईने ताट माझ्याकडे सरकवलं. "खाय बाई, खाय! अशीच पायजे होती मले. जे पोरगी खाईन, तेच चिखलात वाकून धानाचा रोवणा करीन. किती घास खाल्ले न् वावरातल्या किती बांध्या रोवल्या, रोज मी सोता मोजीन."

पसंत! एवढं खाल्लेलं वाया गेलं म्हणून मला रडूच फुटलं.

तेवढ्यात आई उठली. "नाई जमत."

"काऊन?" मुलाच्या आईने विचारलं.

"माह्या पोरीचे घास तुमी मोजान, हे मले नाई चालत."

पोरीला पोत्याशी तोलणाऱ्या घरात हे बोललं गेलं, आणि बाबांनी गंभीरपणे मान डोलावली.

पाहुणे गेले. आईने उरलेले वडे माझ्यापुढे ठेवले. मी सवयीने दार लावायला उठले.

"राहू दे उघडं," आई म्हणाली.