ब्राउनश्वाइगचे चौदा पांढरे डबे

एश्बॉर्नहून सकाळची एस-बान (उपनगरी गाडी) पकडली तेव्हा माझ्या सॅकमध्ये लॅपटॉप, दोन पराठे आणि एका वृद्धाश्रमाचा नकाशा होता. ग्राहकाकडे मी पहिल्यांदाच एकटी चालले होते. प्रोबेत्साइट (नोकरीतला परीक्षेचा काळ) संपायला तीन आठवडे उरले होते. फ्रँकफर्टला गाडी बदलली आणि ब्राउनश्वाइगपर्यंतचे जवळजवळ तीन तास मनात जर्मन वाक्यं जुळवत बसले.

ब्राउनश्वाइग सपाट आहे. आमच्याकडे लांबवर टाउनुसचे डोंगर तरी दिसतात. इथे ट्राममधून नुसतं आभाळ आणि सायकलवरचे विद्यार्थी. वृद्धाश्रम शेवटच्या थांब्याजवळ होता.

तिथले आजी-आजोबा गळ्यात एक बटण घालतात. ते दाबलं की नर्सच्या फोनवर हाक जाते, ती छतावरच्या चौदा ॲक्सेस पॉइंटांमार्फत (वायफाय पुरवणाऱ्या पांढऱ्या डब्यांमार्फत). गेल्या हिवाळ्यात तिसऱ्या मजल्यावरचा डबा बंद पडला आणि कुणाला कळलंच नाही. होफर आजी न्हाणीघरात पडल्या होत्या. तासभर बटण दाबत राहिल्या. आता कुठलाही डबा दोन मिनिटं गप्प झाला, तर नर्सच्या आणि हाउसमाइस्टरच्या (इमारतीची देखभाल पाहणाऱ्याच्या) फोनवर जागेच्या नावासह इशारा जायला हवा होता. ती व्यवस्था मी लावायची होती.

दुपारी साडेबारापर्यंत स्क्रीनवर चौदाही डबे हिरवे दिसू लागले. हाउसमाइस्टर हेर (श्री.) ब्रांडेस मागे हाताची घडी घालून उभे होते.

"आल्झो (तर मग), झालं," ते म्हणाले.

फोनवर माझा सीनियर मंदारदादाही तेच म्हणाला. "हिरवं आहे ना सगळं? गेनाऊ (अगदी बरोबर). काम झाल्याच्या कागदावर सही घे आणि चारची गाडी पकड. उगाच किडे करू नकोस."

मला मात्र एक डबा खरोखर बंद करून पाहायचा होता. हेर ब्रांडेसना शिडी मागितली.

"आता मिटाग्सरुहे (दुपारची शांततेची वेळ). तीनपर्यंत इथे शिडी हलत नाही, फ्राऊ कांबळे."

मी थांबले. पराठे खाल्ले. समोर बसलेल्या होफर आजींनी आपल्या ताटलीतला आंबटगोड प्लमचा केक माझ्याकडे सरकवला. "बटण आता चालतं का?" त्यांनी विचारलं. "तीननंतर सांगते," मी म्हणाले.

तीन वाजता त्यांच्याच दारासमोरच्या डब्याची तार काढली. दोन मिनिटांनी हेर ब्रांडेसचा फोन वाजला. इशारा आला होता: तळमजला, स्वयंपाकघर.

मी आणि हेर ब्रांडेस तर तिसऱ्या मजल्यावर उभे होतो.

"रंगारी आले होते ना," आजी दारातून म्हणाल्या. "सगळे डबे उतरवून एका टबात ठेवले होते. नंतर यांनी हाताला येतील तसे टांगले."

हेर ब्रांडेसचे कान लाल झाले. "दिसायला सगळे सारखेच आहेत," ते पुटपुटले.

मी मंदारदादाला फोन केला. "चारची गाडी सोडतेय. चौदाही तपासणार."

"प्रोबेत्साइट लक्षात आहे ना तुझ्या?"

"आहे, दादा." मी फोन ठेवला.

मग हेर ब्रांडेस शिडीवर, मी खाली. ते तार काढायचे. स्क्रीनवर जो डबा लाल व्हायचा त्याला मी खऱ्या जागेचं नाव द्यायचे, आणि तेच नाव ते डब्यावर चिकटवायचे. सहा डबे भलत्याच जागी निघाले. शेवटी होफर आजींनी न सांगता आपलं बटण दाबलं. नर्स धावत आली.

"काय झालं?"

"काही नाही. येतेस का, बघत होते."

परतीच्या गाडीत, फ्रँकफर्टच्या थोडं आधी, माझा फोन वाजला. चाचणीसाठी इशाऱ्यांच्या यादीत घातलेला माझा नंबर मी तसाच राहू दिला होता. तिसरा मजला, होफर यांच्या दारासमोरचा डबा: बंद. मी उभीच राहिले. चार मिनिटांनी दुसरा इशारा: पुन्हा सुरू. पाठोपाठ हेर ब्रांडेस यांचा मेसेज आला. "तार मीच काढली होती. नर्स थेट माझ्या शिडीखाली येऊन उभी राहिली. आता दर सोमवारी एक काढून बघणार. तीननंतर."

मी परत बसले. सकाळी याच रुळांवरून जाताना घोकलेल्या वाक्यांपैकी एकही दिवसभरात वापरलं नव्हतं.

एश्बॉर्नला उतरताना मंदारदादाचा मेसेज दिसला. "सही घेतलीस ना?"

कागद सॅकमध्ये तसाच कोरा होता. मी त्याला हेर ब्रांडेस यांचा मेसेज पुढे धाडला आणि घराकडे चालू लागले.