दाजींची ट्रायल

दाजी जेवायला बसले तरी त्यांचा एक गुडघा दाराकडे वळलेला असायचा. शेवटचा घास तोंडात असतानाच ते उठत आणि चूळ अंगणात भरत. माझ्या अक्काचा सगळा संसार त्यांच्या पाठीकडे बघण्यात गेला. "ह्यांना पाट दिला काय अन् न दिला काय, सारखंच," ती म्हणायची.

दाजी गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या आसपासच्या खेड्यांत जाऊन जनावरांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, डॉक्टर येईपर्यंत अडलेल्या गाईजवळ बसून राहायचं, हे त्यांचं काम. बसून राहणं त्यांना फक्त तिथंच जमायचं. या फिरतीसाठी घेतलेली शंभर सीसीची मोटारसायकल निवृत्तीनंतरही त्यांच्याकडे होती, आणि तिच्या इंजिनातून कायम आवाज यायचा. निदान दाजींना तरी यायचा.

आवाज टायमिंग चेनचा. इंजिनाच्या आतली ही बारीक चेन झिजून सैल पडली की खडखडते. तिला ताणून धरायला टेन्शनर असतो. त्या जुन्या गाडीत त्याचा बोल्ट बाहेरून ढिला करायचा, आतली स्प्रिंग चेनला हवा तेवढा ताण देते, मग बोल्ट पुन्हा आवळायचा. एवढंच काम. दाजी दर रविवारी अंगणात उकिडवे बसून ते करत. मी गेलो असलो तर मला शिकवत, "पावणं, आपण जोर लावायचा न्हाई. स्प्रिंगला तिचं काम करू द्यायचं." आणि असं म्हणता म्हणताच स्क्रूड्रायव्हरने आतल्या दांडीला एक ढुशी देत. चेन जास्त ताणली जाई, खडखड थांबून इंजिन घूं घूं करू लागे. की पुन्हा बोल्ट ढिला.

मग ट्रायल. गाडी चालवल्याशिवाय आवाज गेला की राहिला ते कळत नाही, असं सांगून ते निघत, ते दुपार टळल्यावर परतत. एकदा कळमनुरीच्या लग्नाला अक्काला मागे बसवून निघाले आणि वाटेत बाभळीखाली गाडी थांबवून पाने-पकड काढून बसले. मंडपात पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या. अक्का वाढप्यांसोबत जेवली आणि तिथूनच तिने मला फोन केला, "बाबू, एक तर ही गाडी इकून टाक, न्हाई तर मला माहेरी ने." माहेर म्हणजे आता मीच होतो, हिंगोलीतल्या दोन खोल्यांत.

असे फोन वाढत गेले. ऑफिसात ते घेताना मला अवघडल्यासारखं व्हायचं. शेवटी सर्व्हिसिंग करून आणतो म्हणून मी गाडी हिंगोलीला आणली, मेकॅनिककडून नवी चेन टाकून घेतली आणि जुना टेन्शनर काढून आपोआप ताण धरणारा नवा बसवला. त्याला बाहेरून ढिला करायचा बोल्टच नव्हता. दाजींसाठी केलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे अक्काचे फोन थांबावेत म्हणून केलं.

दाजींनी गाडी सुरू केली, वाकून कान लावला, बंद केली. "बराबर झालं," एवढंच म्हणाले.

फोन खरंच थांबले. काही महिन्यांनी मी गोरेगावला गेलो, तर दाजी भिंतीला पाठ टेकून खाटेवर बसलेले. येणारे-जाणारे म्हणत होते, माणूस निवांत झाला. मलाही आधी बरंच वाटलं, हे कबूल करायला हवं.

परतीच्या जीपमध्ये शेजारी दाजींच्या ओळखीचा एक शेतकरी बसला होता. दाजी काहून येईनात, तब्येत बरी न्हाई का, असं त्याने विचारलं आणि मला ट्रायलचा अर्थ पहिल्यांदा कळला. दाजी त्याच्या गोठ्यापाशी गाडी उभी करत. आवाज येऊन राहिला, इंजिन जरा थंड होऊ द्या, म्हणत. तेवढ्यात म्हशीच्या कासेवरून हात फिरवत, वासराचे डोळे बघत, चहा घेत आणि पुढच्या गावाला जात. "आमी म्हणायचो, दाजी, नुसतं येत जा की. तर म्हणायचे, नोकरी सुटली, आता बिनकामाचं कोणाच्या दारात उभं राहू न्हाई."

माझ्या फोनची कटकट मिटवायला मी दाजींचा घराबाहेर पडण्याचा रस्ता बंद करून टाकला होता.

माझी ऑफिसला जायची गाडीही त्याच जातीची, जुनीच. पुढच्या रविवारी मी तिचा बोल्ट ढिला केला, दांडी मागे दाबली आणि बोल्ट आवळला. इंजिन खडखडायला लागलं. तशीच हळूहळू चालवत, प्रत्येक चढाला धास्तावत गोरेगावला गेलो आणि म्हणालो, "दाजी, आवाज येऊन राहिला."

ते खाटेवरून सावकाश उठले. वाकले. बोल्टवर पान्याचे ताजे ओरखडे होते. त्यांनी ते अंगठ्याने चोळले आणि माझ्याकडे बघितलं.

"पावणं, हे कोण्या गाढवानं केलं?"

"माहीत नाही, दाजी."

"हापिसातलं दिसतं." त्यांनी अक्काकडे पाने मागितले. "लई बिघडवलं. मोठी ट्रायल घ्यावी लागते."

दिवस कलला तरी ते आले नाहीत. मी जीपने घरी परतलो. आठवड्याने फोन केला तर म्हणाले, अजून बराबर न्हाई, राहू द्या. ती गाडी मी पुन्हा मागितली नाही. "एक होती, आता सवत आणली," असं अक्का फोनवर म्हणाली, पण गाडी विकायचं काही बोलली नाही. खाटेवरच्या त्या महिन्यांत दाजींचे गुडघे आखडले होते, ते मात्र शेवटपर्यंत मोकळे झाले नाहीत. गाडीवर टांग टाकताना त्यांना हँडल धरून थांबावं लागे. ते बघताना मी दुसरीकडे पाहायचो.

मागच्या हिवाळ्यात दाजी गेले. पुण्यानुमोदनाला इतक्या खेड्यांतून माणसं आली की अक्का मला एकेकाचं नाव विचारत राहिली, आणि मला एकही धड सांगता आलं नाही. जीपमध्ये भेटलेला तो शेतकरीही आला होता. निघताना त्याने माझा हात धरून विचारलं, "त्या गाडीचा आवाज गेला का हो शेवटी?"

"न्हाई," मी म्हणालो. "येतच होता."