शनिवार-पोनच्या एकशे चाळीस कॅसेटी

जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या आमच्या गल्लीत कार्तोसेनो आजोबा बांधीव पगड्या शिवतात. ऐंशी उलटली तरी त्यांचा टाका वाकडा पडत नाही. एके काळी राजवाड्यातले गामेलान-वादन, म्हणजे घंटा-ढोलांच्या ताफ्याची गायनासह मैफल, दर पस्तीस दिवसांनी, शनिवारी पोन हा पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातला वार आला की, सकाळी दहाला रेडिओवर थेट ऐकू येई. त्या दिवशी आजोबा सुई बाजूला ठेवत, रेडिओसमोर टेपरेकॉर्डर मांडत आणि बटण दाबत. हा नेम त्यांनी चौदा वर्षे पाळला.

पुर्वांती ही माझ्या ओळखीची निवृत्त शिक्षिका. ती अगदी लहान असताना तिची आई गिनार्सी त्या वादनात जेमतेम तीन वर्षे गायली. मग घसा बसला, तो कायमचा. रेडिओ केंद्राने जुन्या फितींवर नवे कार्यक्रम भरून टाकले होते. आता आईच्या मृत्यूचा हजारावा दिवस, आमच्याकडे शेवटच्या स्मरणविधीचा, अकरा दिवसांवर आला होता आणि लेकीपाशी आईच्या गाण्याचा एक सूरही नव्हता. आईचा आवाज त्या दिवशी सर्वांनी ऐकावा, एवढीच तिची इच्छा होती. मी तिला आजोबांकडे नेले.

त्यांनी कपाट उघडले. एकशे चाळीस कॅसेटी, आणि प्रत्येकीवर सुबक अक्षरात एकच मजकूर: शनिवार पोन.

"आजोबा, साल कुठंय?" पुर्वांतीने एकेक कॅसेट उलटून पाहिली.

"साल कशाला लिहायचं? वार महत्त्वाचा."

"स्वतःचं जन्मसाल ठाऊक नाही, पण वार झोपेतसुद्धा सांगतील," त्यांची बायको तुमिनाह आजी आतून म्हणाल्या. "पोरांची नावं तरी वेगवेगळी ठेवली, हेच नशीब!"

"तू तरी कुठं सांगतेस तुझं साल?"

"मला ते लपवायचं असतं. तुमचं काय?"

आजोबा हसले नाहीत. आपली चूक त्यांना उमगली होती. त्यांनी एक कॅसेट लावली आणि डोळे मिटले. वाद्यांच्या मागे त्यांचे स्वतःचे घर ऐकू येत होते.

"बदकं ओरडतायत. ती आम्ही मागाहून पाळली, म्हणजे ही फार नंतरची. काढ."

दुसरीत घरी उशिरा आलेल्या नळाची धार होती; तीही बाजूला गेली. असे रोज सकाळ-दुपार चालले. सहाव्या दिवशी एका कॅसेटमध्ये विहिरीचा रहाट कुरकुरला आणि पाठोपाठ एक मूल ढास लागून खोकू लागले.

आजी हात पुसत बाहेर आल्या. "हा आपला थोरला. डांग्या खोकला झाला होता तेव्हा पाच वर्षांचा होता. पुराच्या साली जन्मलेला. पोरी, तुझा जन्म केव्हाचा?"

"पुरानंतर चार वर्षांनी."

"मग तू तेव्हा रांगत असशील."

"आई तेव्हाच गायला लागली होती," पुर्वांती पुटपुटली.

एवढ्यात फीत चिकटली. आजोबांनी चाकात पेन्सिल घालून ती हळूहळू सैल केली आणि कॅसेट पुन्हा लावली. वाद्ये मंदावली आणि एका स्त्रीने उंच सुराआधी किंचित थांबून श्वास घेतला.

"हीच!" पुर्वांती उभी राहिली. "मला जेवायला हाक मारताना अशीच थांबायची."

हजाराव्या दिवशी प्रार्थनेनंतर तिच्या अंगणात तो आवाज लागला. ऐन आलापीत आजींचे तरुणपणचे शब्द आले: "अहो, भात लागला! त्या बाईचं गाणं संपल्याशिवाय उठणार नाही का?" पाहुणे खळखळून हसले. आजी ओशाळल्या.

"एवढं काढून टाका बाई, पुसता येतं म्हणतात."

"नको, आजी." पुर्वांतीने त्यांचे दोन्ही हात धरले. "शेवटी शेवटी आई म्हणायची, मी नुसती हवेत गायले, कोणी ऐकलं की नाही कोण जाणे. आजोबा भात करपू देऊन ऐकत होते. हे तिला कळायला हवं होतं. मला तरी कळलं."

मग तिने पहिले ताट वाढले आणि ते त्या दोघांपुढे ठेवले.