हात लाई देखा

नाना मिस्त्री स्लॅबचा ताप पाहत. स्लॅब ओतला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते उकिडवे बसत, ओलं गोणपाट बाजूला करत आणि आजारी लेकराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात काँक्रीटवर टेकवत; ऊब लागली म्हणजे सिमेंट बळ धरतंय. मग जवळ असेल त्याला म्हणत, "हात लाई देखा." हात लावल्याशिवाय त्या माणसाची सुटका नसे.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी नवा ओव्हरसियर आणि नाना साठीला टेकलेले. मला ते साहेब म्हणत, पण माझ्या शिक्षणाला बिचकत नसत. उबदार हवेत सिमेंट पहिल्या दिवसांत भराभर बळ धरतं आणि गारठ्यात रेंगाळतं, हे मी कॉलेजात आलेखावर पाहिलं होतं. नानांनी ते दह्यावर आणलं. "उन्हायामा दही दुपारलेच लागस, हिवायामा दुसरा दिन उजाडस. सिमिट तसंच शे." मी पोट धरून हसलो. तेव्हापासून कामावर आलो की विचारायचो, "काय नाना, दही लागलं का?"

मे महिन्यात अमळनेरला आम्ही एक स्लॅब टाकला होता. ऊन नको म्हणून नानांनी उजाडताच ओतायला घेतला. "जो घाईमा जोर धरस तो मंग लवकर थकस," म्हणत दिवसभर पाणी मारलं. दहाव्या दिवशी स्लॅबखालचे टेकू काढले, स्लॅब ठणठणीत. दहाचा तो आकडा माझ्या डोक्यात पक्का बसला.

जानेवारीत पिंपळनेरला एका शाळेच्या पोर्चवर स्लॅब टाकला आणि दुसऱ्याच दिवशी थंडीची लाट आली. स्लॅबवर साठवलेल्या पाण्यात बोट घालवेना. नाना संध्याकाळी पाणी काढून कडबा पसरत, वर कोरडी गोणपाटं टाकत. सकाळी हात लावून नुसते बसून राहत. कोणाला हात लावायला सांगत नसत, बिडीही पेटवत नसत. मला ते बरं वाटत नव्हतं, पण विचारलं नाही.

दहाव्या दिवशी आम्ही दोघं शिडीने वर गेलो. दुसऱ्या दिवशी उद्घाटनाचे पाहुणे पोर्चखालूनच आत जाणार होते. मी म्हणालो, "नाना, टेकू काढा."

"साहेब, दहा दिन अमयनेरना शेतस, थंडी पिंपयनेरनी शे. अजून आठ दिन थांबा."

"पाहुण्यांना काय दही लागेपर्यंत थांबवू?"

या खेपेला ते हसले नाहीत. खिशातून खिळा काढून त्यांनी स्लॅबवर ओढला. कच्च्या काँक्रीटची पांढरी भुकटी निघाली. गोणपाट सारून म्हणाले, "हात लाई देखा."

"तुम्ही नाही काढलेत तर दुसरा मिस्त्री आणतो," मी म्हणालो. माझी जीभ तेव्हा झडली नाही, हेच आश्चर्य.

नानांनी खिळा खिशात ठेवला. "दुसराले बी पोरंसोरं शेतस. मीच काढसू. पन बठ्ठा बाहेर व्हा."

टेकू काढण्याआधी नारळ फोडायची त्यांची रीत होती. त्या दिवशी नारळ त्यांनी पिशवीतच राहू दिला. सगळ्या मजुरांना लिंबाच्या झाडापलीकडे नेऊन उभं केलं, बोटाने मोजलं, मलाही तिथेच थांबवलं आणि घण घेऊन एकटे पोर्चखाली गेले. प्रत्येक टेकू निघाला की आतून आकडा सांगत होते. एक. दोन. तीन. चौथ्याला जाडं कापड फाटावं तसा आवाज झाला. आकडा आलाच नाही. पोर्च खाली बसला आणि नाना त्याखाली गेले.

चौकशीत मला विचारलं, मिस्त्रीने धोक्याची सूचना दिली होती का? मी म्हणालो, दिली होती. मग तुम्ही स्वतः तपासलं का?

स्लॅब माझ्या पायाखालीच होता. वाकून हात टेकवायचा, एवढंच काम होतं. पण थंडी फार होती, म्हणून मी हात खिशातून बाहेर काढला नव्हता.