आक्काची लोकर

ध्यानीमनी नसताना दिवस गेलेल्या बायकांना धीर द्यायला आक्का एक खोली चालवते. सल्ला फुकट असतो, त्यामुळे बाईमागोमाग आई, सासू, नवरा, आत्या अशी फौज येतेच. आक्का प्रत्येकाच्या हातात लोकरीचा गुंता देते. "हा सुटेपर्यंत बोलायचं नाही." मग बाईला विचारते, "तुला काय वाटतं?" बहुतेकींना हे आजवर कोणी विचारलेलंच नसतं. गुंते आक्काच रोज सकाळी निगुतीने करून ठेवते.

परवा तिची लेकच आली. "आई, मलाही दिवस गेलेत. ठरवलेलं नव्हतं." आक्काने सल्ला द्यायला तोंड उघडलं. लेकीने टोपलीतला सगळ्यात मोठा गुंता तिच्या मांडीवर ठेवला.

आक्का मुकाट्याने टोक शोधू लागली. एवढा घट्ट कोणी केला, हे विचारायची सोय नव्हती.