चुन्याच्या डबीतली काच

"काच हाय! काच हाय म्हणते ना मी! सुई न्हाई, काटा न्हाई, नखुरडं न्हाई. काच! कितीदा सांगू?"

बाई ओरडत होती आणि तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर लिंबू होतं. अख्खं लिंबू, टोपीसारखं घातलेलं. आमच्याकडं नखुरड्याला हाच इलाज. लिंबाला भोक पाडायचं, बोट आत खुपसायचं आणि ठणका उतरायची वाट बघत बसायचं. ओट्यावर तिची सासू बसली होती, शेजारच्या तीन बाया उभ्या होत्या, आणि दारात, खांद्याला मशीनची बॅग अडकवून, मी.

नेट बंद असल्याची तक्रार आली म्हणून मी आलो होतो. आत जाऊन बघतो तर राउटरचे सगळे दिवे हिरवेगार. तक्रार खोटी होती. मला बोलावून घ्यायचं दुसरं साधन त्या बाईकडं नव्हतं.

"हे बघा, आले हे," ती बायांना म्हणाली. "ह्यांनाच इचारा. ह्यांच्याच डबीतून सांडलंय ते. सांगा हो दादा. तुमच्या वायरीत काच असती का न्हाई?"

सगळी तोंडं माझ्याकडं वळली. मी काय उत्तर दिलं ते सांगतो. पण आधी डबीचं सांगायला हवं, नाहीतर माझं उत्तर आहे त्याहून बरं वाटेल.

मी फायबरचा जोडारी. जिंतूरच्या पुढं चारठाण्यापर्यंत जेवढ्या घरांत आज नेट चालतं, तेवढ्या घरांत मी चहा प्यालोय. मी जोडलेली वायर सरळ केली तर ती चंद्रावर जाईल, तिथं एका खुंट्याला वेढा घेऊन परत येईल, आणि उरलेल्या तुकड्यावर पूर्णा जंक्शनच्या सगळ्या गार्डांचे कपडे वाळत घालता येतील. हे मी गावोगाव सांगतो, आणि वायरीच्या आत काच असते हेही. लोक हसतात, वायर घेतात. वायर घ्यायला लावणं हे काही माझं काम नव्हे, पण ज्या गावात माझ्या ठेकेदाराची माणसं दोन महिने हिंडून चार घरं मिळवायची, तिथं मी एका दुपारी अर्धी गल्ली उठवायचो. तोंड हेच माझं भांडवल.

वायरीचं साल काढलं की आत दोरा, दोऱ्यावरचं साल काढलं की आत काच. केसाहून बारीक. ती पुसायची, टोक कापायचं, मशीनमध्ये धरून दुसऱ्या टोकाला वितळवून जोडायची. कापून जो तुकडा पडतो तो तांदळाच्या दाण्याएवढा लांब असतो आणि डोळ्याला दिसत नाही. कातडीत शिरला की आतल्या आत मोडतो, आणि चिमट्यानं धरायला काही उरत नाही. म्हणून प्रत्येक तुकडा लगेच झाकणाच्या डबीत टाकायचा, हा आमच्या कामाचा पहिला नियम. माझी डबी चुन्याची होती. खऱ्या चुन्याची उजव्या खिशात, काचेची डाव्या खिशात. कधीतरी चुकून डावी उघडशील आणि तुझं तोंड कायमचं बंद होईल, मग जिल्हा सुखी होईल, असं माझी बायको म्हणायची.

तर ही बाई शिलाईवाली. नवरा पूर्णेला रेल्वेच्या ठेकेदाराकडं रुळाच्या कामावर, पंधरा दिवसांनी घरी. घर चालायचं ते तिच्या शिलाईवर. ब्लाऊज, फॉल-पिको, हुक-काज. गावात मोबाइलची रेंज अशी की फोन घेऊन टाकीवर चढावं लागायचं. नवरीला ब्लाऊजचा नवा गळा बघायचा असला की ती जिंतूरच्या टेलरकडं जायची आणि कापड तिथंच टाकून यायची. "नेट आलं की गळे मी इथंच दावीन," शिलाईवाली म्हणाली होती. लगीनसराई तोंडावर आलेली. नुसत्या गळ्यांसाठी फायबर घेणारं जिल्ह्यातलं ते पहिलं घर असावं.

तिच्या घरात सपाट, उजेडातली जागा एकच. शिलाई मशीनची फळी. तिनं ब्लाऊजची कापडं उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवली, फळी पुसून दिली, म्हणाली, "बसा दादा इथं." मी बसलो. सोललं, पुसलं, कापलं. डबी फळीवर, उघडी. सासू दाराशी बसून बघत होती. बघणारं माणूस असलं की माझ्या अंगात येतं.

मी घुशीची गोष्ट लावली. सोनपेठकडं गोदावरीच्या काठी वायर पुरलेली. घुशीनं ती कुरतडली. पण घूस म्हणजे साधी नव्हे, रेडकाएवढी. मी इकडून तपासणीचा लाल उजेड सोडला, तर तिकडं बिळात घुशीच्या दोन्ही डोळ्यांतून लाल झोत! अख्खं गाव नारळ घेऊन बिळापाशी. झोत केवढा, हे दाखवायला मी दोन्ही हात फाकले.

कोपर डबीला लागलं. डबी खुर्चीवरच्या कापडांवर उपडी.

सासू हसत होती, घुशीला. शिलाईवाली हसत नव्हती. "काय सांडलं ओ?"

"काई न्हाई. धूळ."

सांडलेले तुकडे काळी टेप दाबून उचलायचे असतात. टेप गाडीच्या डिकीत होती. गाडी पन्नास पावलांवर, पिंपळाखाली. चंद्रापर्यंत वायर ओढणारा माणूस मी, ती पन्नास पावलं गेलो नाही. चहा समोर आला होता. मी कापडावर दोन फुंकरा मारल्या, कापड झटकलं, गडद किरमिजी खण होता तो, त्यावर काय दिसणार, आणि चहा घेतला. फुंकरीनं काच जात नाही, नुसती पसरते. हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

आता परत त्या दारात येऊ.

"सांगा ना ओ. काच असती का न्हाई?"

"बाबा, तूच सांग हिला," सासू म्हणाली. "तालुक्याला नेलं, बोटाचा फोटू काढला. डागदर म्हनला, सुईचं टोक असतं तर दिसलं असतं, आत काई न्हाई. तरी ही काच काच करायलीय. एवढं लिंबू लावलंय, तर तेबी काढून फेकती."

"अहो, तीच ती काच," शेजारीण म्हणाली, "घुशीच्या डोळ्यातली!" तिघी हसल्या.

बोट वांग्यासारखं झालं होतं. लिंबाच्या खालून जेवढं दिसत होतं तेवढं तरी. मी ते बघितलं, आणि त्याच वेळी माझा ठेकेदार डोळ्यांपुढं आला. घरात सांडलं असं कळलं की तो पहिल्यांदा मशीन काढून घेतो, मग विचारतो.

"ताई," मी म्हणालो, "काच पयल्या वायरीत असायची. आता प्लास्टिक असतंय."

एवढंच. हात फाकले नाहीत, आवाज चढवला नाही. "बघ!" सासू म्हणाली. बाया आपापल्या घरी गेल्या. आयुष्यभर मी हत्तीएवढ्या थापा मारल्या, त्या कुणी मानल्या नाहीत. आत काच असते असं मी गल्लीत उभं राहून सांगितलं होतं, ती थाप ठरली. आणि ही केसाएवढी थाप मारली, ती गावानं एका दमात गिळली.

शिलाईवाली ओरडायची थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग लिंबाकडं, आणि आत गेली.

त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर डॉक्टरनं वेगळ्या डोळ्यानं बघितलं असतं. बोट चिरलं असतं, धुतलं असतं. पुढं लिंबानंतर बिब्बा झाला, बिब्ब्यानंतर हळदीचं पोटीस. तिला साखरेचा आजार होता हे कुणालाच माहीत नव्हतं, तिलाही नाही. तळहात सुजून हिरवा-काळा पडला तेव्हा नवरा आला आणि तिला परभणीला घेऊन गेला.

मला कळलं ते चारठाण्याच्या हॉटेलात. मी घूसच सांगत होतो. तोवर घूस म्हशीएवढी झाली होती. झोत सोडायला हात फाकले, तेवढ्यात त्या गावचा एकजण सहज म्हणाला, "ती आमची शिलाईवाली, वायर घेतलेली, तिचं बोट तोडलं म्हणे. पयलं पेर." आणि मला म्हणाला, "हं, मग घुशीचं काय झालं?"

घुशीचं पुढं काहीच झालं नाही.

त्या पेरात काच होती का, हे कुणी बघितलं नाही. बघूनही दिसली नसती. म्हणजे मी गप्प राहिलो असतो तर जगात कुणाला कळलं नसतं, हा हिशेब मी आठ दिवस करून बघितला. नवव्या दिवसापासून, तिच्यापुढं काय कबूल करायचं त्याचं पाठांतर सुरू केलं. गाडी चालवताना मोठ्यानं म्हणायचो. सवय वाईट. दुसऱ्या फेरीला मी टेप आणायला पिंपळापर्यंत गेलेला होतो. तिसऱ्या फेरीला टेप लावलीही होती, आणि दोष टेपचाच होता. चौथ्या फेरीला गाडी थांबवून मी स्वतःला शिवी दिली.

गेलो. सासू ओट्यावर तूर निवडत होती, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत हाय." शिलाईवाली मशीनवर बसलेली. तोडलेल्या बोटावर तिनं कापडाची टोपी शिवून घातली होती, त्याच किरमिजी खणाची. सुईखाली कापड सरकवायला मधलं बोट शिकत होतं आणि ते अजून नीट शिकलं नव्हतं. शिवण वाकडी गेलेली मला दिसली. उसवायला ठेवलेल्या ब्लाऊजचा एक ढीग खुर्चीवर होता. ह्यावर्षीच्या नवऱ्या पुन्हा जिंतूरला गेल्या होत्या.

मी उभ्यानंच बोललो. डबी सांडली. माझ्या कोपरानं. काच होती. आताही काचच असते, प्लास्टिक नसतं. टेप गाडीत होती, मी गेलो नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर खोटं बोललो. तेव्हा खरं बोललो असतो तर बोट राहिलं असतं बहुतेक.

माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लहान गोष्ट असेल. बाहेर तूर निवडायचा आवाज थांबला होता.

तिनं पायडल थांबवलं नाही. शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा दातानं तोडला, कापड उलटून बघितलं आणि उसवायच्या ढिगावर टाकलं. मग राउटरकडं मान करून म्हणाली,

"परवापासून लाल दिवा लागायलाय. तेवढं बघून जा. जोडायचं असलं तर बाहेर बसून जोडा."