दादाने सिगरेट सोडली तेव्हा

दिल्लीत आमच्या गेस्ट हाऊसच्या कँटीनमागे एक पायरी आहे. दुपारची जेवणं उरकली की तिथं बसायचं. एकाने सिगरेट पेटवायची, दुसऱ्याने किस्सा काढायचा. किस्से साठतात ते असेच. सुनीलदादा जाऊन महिना झाला आणि आता ते एकदम येतात, कुठलाही आधी, कुठलाही नंतर. मी आठवी नापास, मला काही क्रम लावता येत नाही.

*

दादा आचारी, मी वाढपी. लग्नाला सहा वर्षं होऊनही दादाला मूल नव्हतं. गावाकडून उपास यायचे ते सगळे वहिनीच्या नावाने. पण दिल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी आधी दादालाच विचारलं, "सिगरेट पीते हो?"

दादा चक्रावला. "बच्चा तो इसको होना है मॅडम, सिगरेट मैं पीता हूँ!"

बाईंनी सांगितलं, सिगरेटने पुरुषाचं बीज कमी होतं, मंद होतं. आणि तुझा धूर हिच्याही अंगात जातो, तिचंही बिघडतं.

दादाने पायरीवर येऊन जाहीर केलं, "माझं सैन्य पानिपतला निघतं, पण पोचतच नाही म्हणे!"

आमचे मिरजेचे ड्रायव्हर सलीमभाई म्हणाले, "वाटेत मुरथलच्या ढाब्यावर पराठे खायला थांबत असेल यार!"

*

बाई म्हणाल्या, आधी तीन महिने सोडून बघा. दादाने पाकीट सलीमभाईंकडे सांभाळायला दिलं. संध्याकाळी राहवेना म्हणून मागितलं, तर रिकामं!

"तुझ्या हाती लागू नये म्हणून संपवलं," सलीमभाई म्हणाले.

सलीमभाई दिवसभर ओढतात आणि त्यांना चार मुलं. दादाने हे बाईंना ऐकवलं. बाई म्हणाल्या, "बिना देखे रोड क्रॉस करनेवाले सब मरते हैं क्या? फिर भी देखते हैं ना?"

दुसऱ्या दिवसापासून दादा रस्ता ओलांडताना आम्हाला दाखवून दाखवून दोन्हीकडे बघायचा.

*

बाईंनी वहिनीलाही विचारलं होतं, तंबाखू? वहिनी म्हणाली, "छी!"

पुढच्या वेळी बाईंना तिचे दात काळपट दिसले. वहिनीने पर्समधून डबी काढून दाखवली. मिश्री! तिची आई कराडहून पाठवायची, डबी स्टेशनवरून मीच आणायचो.

बाईंनी वास घेतला. "ये तो जला हुआ तंबाकू है!"

"पण मी तर दात घासते!" वहिनी रडायलाच लागली. दादा मात्र खूश. "मी एकटा गुन्हेगार नाही!"

त्या दिवशी दादाने लपवलेलं नवं पाकीट आणि वहिनीची डबी, दोन्ही कचऱ्यात गेली. मिश्री म्हणजे तंबाखूच, हे मलाही कळलं नव्हतं. आमच्याकडे कोणालाच कळलं नसतं.

*

तीन महिने झाले, चौथाही सरला. एका सकाळी दादा गेटवर मला म्हणाला, "आलोच रे," आणि समोरच्या पानटपरीकडे निघाला. मी ओरडलो, "वहिनीला सांगतो हं!" तो हसला. त्याने दोन्हीकडे बघितलं. मी शपथेवर सांगतो, बघितलं. तरी गाडी आली.

तो सिगरेट आणायला निघाला होता की बडीशेप, मला माहीत नाही. टपरीवाल्यालाही नाही. तिथपर्यंत तो पोचलाच नाही.

*

दहाव्याला यमुनेवर पिंड ठेवला. दिल्लीत आपली माणसं कमी, म्हणून वहिनीही आली होती. एकच कावळा भिंतीवर बसला होता, काही केल्या शिवेना. "वहिनीला सांभाळू" म्हणून झालं. "गावाकडच्या धाकट्या भावाला शिकवू" म्हणून झालं. नाही!

मला राहवेना. सलीमभाईंच्या खिशातून एक सिगरेट काढली आणि भाताशेजारी ठेवली. भटजी बघतच राहिले. कावळ्याने मान वाकडी केली, पण हलला नाही.

तेव्हा वहिनी पुढे आली. तिने सिगरेट उचलली, हातात चुरगाळली आणि भिंतीकडे बघून दटावलं, "अहो, माझ्याजवळ ओढायची नाही, सांगितलंय ना डॉक्टरांनी? अजून सात महिने तरी नाही!"

कावळा खाली आला.